सायकल दौऱ्यासाठी घरगुती पॅनियर: कापड, पाठफळी, हुक (सोलापूर)

उन्हाळपाळी
दिवाळीनंतर सोलापूर–अक्कलकोट–गाणगापूर–विजापूर–सोलापूर अशी फेरी ठरते आहे. सायकल साधी हायब्रीड, ७०० सी चाकं. मागे आटे असलेली भोकं आहेत आणि अॅल्युमिनियमचा कॅरिअर बसवलेला आहे, त्याची नळी १० मिमी. सामान दोन्ही बाजूंचं मिळून १२ ते १४ किलो. तयार पॅनियर (कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना टांगायच्या पिशव्या) बजेटच्या बाहेर, म्हणून घरीच करायच्या आहेत. कापड कुठलं घ्यावं? हुक कसले? टाच लागू नये म्हणून माप किती ठेवायचं? आणि एवढं जाड शिवून कोण देईल?

आटेपिटे
प्रश्नांचा क्रम उलटा करा मालक. कापड शेवटी. पॅनियर म्हणजे कॅरिअरला टांगलेलं वजन. उभ्या सायकलवर ७ किलोची पिशवी ७ किलोच असते, पण गतिरोधकावरून उतरताना तीच हुकाला कितीतरी जास्त ओढते. घरगुती पिशव्या कापड फाटून क्वचित पडतात. हुक उघडतो, पाठफळी (पिशवीची पाठ ताठ ठेवणारी फळी) वाकते, नाहीतर खालचं टोक मोकळं राहून पिशवी आऱ्यांत जाते. या तिन्हीचं गणित बसलं की कापड खताच्या पोत्याचं असलं तरी चालतं.

सगळ्यात आधी टाच. दौऱ्यात घालणार तेच बूट घाला, सायकल स्टँडवर घ्या आणि पॅडल उलटं फिरवा. टाच सर्वात मागे जाते तिथे कॅरिअरच्या नळीवर चिकटपट्टी लावा. तिथून ३ ते ४ सेंमी मागे पिशवीची पुढची कड आली पाहिजे. हायब्रीडची मागची नळी, म्हणजे पॅडलच्या आसापासून मागच्या आसापर्यंतचं अंतर, बहुधा ४४–४५ सेंमी भरतं, त्यामुळे ३० सेंमी रुंदीची पिशवी बसते. रोड सायकलला हेच अंतर ४१–४२. तिथे पिशवी मागे सरकवावी लागते, वजन आसाच्या मागे जातं आणि सायकल शेपूट हलवायला लागते. पिशवीचा मध्य आसाच्या वर किंवा किंचित पुढे हवा. तरीही टाच लागत असेल तर अख्खी पिशवी अरुंद करू नका, पुढचा खालचा कोपराच तिरका कापा.

डबेवाला_सोलापुरी
एवढं कशाला ओ? २० लिटरचा चौकोनी कॅन घ्या, वरचा भाग कापा, दोन हुक मारा, झाली पॅनियर. शिलाई नाही, पाणी शिरत नाही, मुक्कामी उलटा घातला की बसायला स्टूल. अक्कलकोट रोड एमआयडीसीत भंगारात लागेल तेवढे मिळतात.

सुईदोरा
@डबेवाला, कॅनला माझी ना नाही, पण एमआयडीसीतला कॅन म्हणजे बहुतेक रंगाई-धुलाईच्या कारखान्यातला. कॉस्टिक, पेरॉक्साइड, अॅसिड, काय होतं ते लेबल निघून गेल्यावर कळत नाही. त्यात खाण्याचं सामान किंवा अंगावरचे कपडे ठेवू नयेत, कितीही धुतला तरी. कीटकनाशकाचा कॅन तर नकोच. किराणा दुकानातला खाद्यतेलाचा प्लास्टिक कॅन घ्या. साबणाच्या गरम पाण्याने दोनदा धुतला की वास जातो.

आटेपिटे
कॅनची आणखी एक अडचण म्हणजे खोली. चौकोनी कॅन २३–२५ सेंमी खोल असतो, पिशवी १७. दोन्ही बाजू धरल्या तर सायकल १२–१६ सेंमी जास्त रुंद होते. विजापूर रोडला ट्रक घासून जातात, तिथे ही रुंदी जाणवते. शिवाय रिकामा कॅन रिकामी जागा घेऊनच फिरतो, पिशवी गुंडाळली जाते.

पण पावसात आणि आदळआपटीत कॅनला तोड नाही, हेही खरं. गावात बाजारहाट करायची सायकल असेल तर कॅनच करा. एक लक्षात ठेवा, कापलेल्या कडेला जुन्या ट्यूबची चीर देऊन ती बसवा. नाहीतर ती कड मनगट सोलते.

सुईदोरा
आता कापड. सोलापुरात मिळणारे पर्याय, माझ्या मते चांगल्यापासून वाईटाकडे:

ट्रकची पीव्हीसी ताडपत्री, ६०० ग्रॅम प्रति चौरस मीटरच्या आसपासची. ही घ्या. आत पॉलिएस्टरचं विणकाम, दोन्ही अंगांना पीव्हीसी. जर्मनीच्या हार्टमुट ऑर्टलीबने १९८२ साली कंपनी काढली तीही ट्रकची ताडपत्री बघूनच, तेव्हा हे काही गरिबाचं कापड नव्हे. ताडपत्रीवाल्याकडे पूर्ण थान घ्यावं लागत नाही, हुड शिवून उरलेले तुकडे मागा. तुकडा उजेडासमोर धरून बघा, टाचणीएवढा उजेड दिसला तर तो भाग वगळा.

गाडीच्या सीटकव्हरचं रेक्झिन. शिवायला सोपं, दिसायला छान, पण पाठीमागे होजिअरीसारखं ताणणारं कापड असतं. वजन टांगलं की पिशवी लांबते. घ्यायचंच तर विणलेल्या पाठीचं घ्या.

सुती कॅनव्हास. मेण पाजून जलरोधक करतात. थंड मुलखात ठीक आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सावलीत ४२–४३ अंश असतात, उन्हात उभ्या सायकलचं गडद कापड त्याच्या बरंच वर जातं. पॅराफिन मऊ पडून कपड्यांना लागतं आणि रस्त्याची धूळ त्यावर थापली जाते.

निळी-पिवळी प्लास्टिक ताडपत्री, जी पावसाळ्यात छपरावर टाकतात. सुईच्या भोकापासून फाटत जाते, तिला डिंक धरत नाही. पिशवीसाठी निरुपयोगी, वरून झाकायला उत्तम.

दोरा पॉलिएस्टरचा, टेक्स ७० (हा दोऱ्याच्या जाडीचा आकडा). सुती दोरा कुजतो आणि नायलॉन उन्हात पॉलिएस्टरपेक्षा लवकर विरतो. सुई १८ नंबर, टाका ३.५ ते ४ मिमी. बारीक टाका मजबूत असतो हे साडीच्या फॉलला खरं, ताडपत्रीला नाही. जवळजवळ भोकं पडली की वहीचं पान फाटावं तशी शिवणीवर फाटते. टाचण्याही लावू नका, पीव्हीसीत पडलेलं भोक बुजत नाही. कपडे वाळत घालायचे चिमटे लावा.

नवा_भिडू
निवडणुकीचे फ्लेक्स फुकट मिळतात, ते नाही का चालणार? आणि सोलापूरचे असून चादरीचं नाव कुणी काढलं नाही!

सुईदोरा
चादर पाणी पिते आणि भिजली की किलोभर जड होते. ती पिशवीत ठेवायची, पिशवी करायची नाही. :)

फ्लेक्सची जाळी विरळ असते आणि घडीवर तडकते. तोंड गुंडाळायच्या पिशवीला तर रोज त्याच जागी घडी पडणार. पण फेकू नका, नमुना त्याचाच करा. पूर्ण मापाची पिशवी आधी फ्लेक्समध्ये स्टेपल मारून उभी करा, कॅरिअरला लावून टाच तपासा, मग ताडपत्रीला कात्री लावा.

माप देते. पिशवी ३० सेंमी रुंद, १७ खोल, ४० उंच, म्हणजे २० लिटर. तळाचे कोपरे गोल करायचे, त्रिज्या ३ सेंमी. इथेच बहुतेकांचं चुकतं. काटकोनी तळाचा परीघ ९४ सेंमी, पण कोपरे गोल केले की तो ८९ होतो. ९४ चं अंग (गुंडाळून चारही बाजू होतात ते कापड) कापलं तर ५ सेंमी कापड उरतं, तळाशी चुण्या पडतात आणि प्रत्येक चुणीतून पाणी आत येतं. म्हणून:

अंग: ९२ × ६६.५ सेंमी. (८९ अधिक दोन्हीकडे दीड दीड दाब, म्हणजे शिवणीत जाणारं कापड. उंचीत ४० पिशवी, २५ गुंडाळायला, दीड तळाचा दाब.)
तळ: ३३ × २० सेंमी, दाब धरून. दुहेरी घ्या.

ताडपत्रीचा पन्हा ५४ इंच म्हणजे १३७ सेंमी असेल तर दोन अंगं शेजारी शेजारी बसतात (१३३). लांबीत ९२ आणि तळांसाठी २०. दीड मीटर घेतली की दोन्ही पिशव्या, दुहेरी तळ आणि ठिगळांना पुरते.

शिवायचा क्रम बदलू नका. अंग सपाट असतानाच पाठीची भोकं, बाहेरचे पट्टे, रिफ्लेक्टरची पट्टी, सगळं लावून घ्या. नळकांडं झाल्यावर मशीनचा पाय आत जात नाही. मग वरची कड: ३ सेंमी दुमडून आत २५ मिमीचा पट्टा घालून शिवा, म्हणजे तोंड ताठ राहतं आणि नीट गुंडाळलं जातं. मग उभी शिवण, ती पिशवीच्या मागच्या कडेला येऊ द्या, कारण वाऱ्यापावसाचा मारा पुढून असतो. एका पदराची कड दुसऱ्यात दुमडून दोन ओळी टाके. सर्वात शेवटी तळ. गोलाईवर अंगाच्या दाबाला ६ मिमी खोल चिरा द्या, सेंमीभर अंतराने, टाक्याच्या रेषेपर्यंत जाऊ देऊ नका. चारही बाजूंचे मध्य खडूने जुळवून मध्यापासून कोपऱ्याकडे शिवा. एका टोकापासून गोल गोल शिवत गेलात तर शेवटी कापड पिळलेलं निघतं.

उन्हाळपाळी
ताई, हे कोण शिवेल? घराजवळ शाळेचे गणवेश शिवणारे दोन कारखाने आहेत.

सुईदोरा
गणवेशवाल्यांकडे जाऊ नका. सोलापुरात गणवेशाचा धंदा मोठा, हात तयार, मशीनही वेगवान, पण ती टेरिकॉटनसाठी लावलेली असते. ताडपत्रीचे तीन पदर आणि वर पट्टा आला की सुई मोडते किंवा खालचा दोरा सुटतो. गाडीची सीटकव्हरं शिवणारे किंवा बॅगा दुरुस्त करणारे शोधा. त्यांच्याकडे जाड शिवणारं अंब्रेला मशीन असतं, कापड पायाला चिकटू नये म्हणून टेफ्लॉनचा पाय असतो. नसेल तर पायाखाली टाल्कम पावडर भुरभुरा. दोरा आपण घेऊन जा आणि कापलेलं, खुणा केलेलं कापडच द्या. तोंडी माप सांगितलंत तर शाळेचं दप्तर हातात येईल.

आटेपिटे
आता पाठफळी. तीन गोष्टी वापरतात, २८ × ३६ सेंमीच्या फळीचं वजन असं:

५ मिमी सनपॅक शीट (जाहिरातीच्या पाट्यांचं पोकळ प्लास्टिक): १०० ग्रॅमच्या आसपास. एकच पदर पन्हळींच्या दिशेने मोडतो, म्हणून दोन पदर एकमेकांना आडवे ठेवायचे. बोल्ट आवळला की चेपतं, मोठे वॉशर लागतात. ५ किलोपर्यंत ठीक.
३ मिमी एचडीपीई (टणक प्लास्टिक) शीट: २९० ग्रॅम. लवचिक, तुटत नाही, पाण्याचं भय नाही. याला कुठलाच डिंक धरत नाही, फक्त बोल्ट.
१.५ मिमी अॅल्युमिनियम पत्रा: ४१० ग्रॅम. एकदा वाकला की वाकलाच, कडा घासाव्या लागतात.

प्लायवूडचं नाव काढू नका. एचडीपीई घ्या. कोपरे गोल करा, नाहीतर आठवडाभरात आतून ताडपत्री भोसकतील.

हुक. २५ × ३ मिमी अॅल्युमिनियम पट्टी, प्रत्येकी १२ सेंमी, पिशवीला दोन. ६ सेंमीचा पाय फळीवर, मग १२ मिमीच्या गजाभोवती वळवलेली कमान (यात जवळपास २४ मिमी जातात), उरलेली नळीच्या पलीकडे खाली येणारी जीभ. नळी १० आणि कमान १२ का, तर मध्ये ट्यूबचं रबर किंवा हीट-श्रिंक (तापवली की आवळणारी) नळी बसवायची. धातूवर धातू ठेवलात तर कॅरिअरचा रंग जातो, मग नळी खाल्ली जाते, आणि खडखडाट वेगळाच.

पट्टी कडक असेल तर कमानीवर बाहेरून बारीक चिरा दिसतात. अशी पट्टी वापरू नका, खड्ड्यात तिथेच तुटणार. काहीजण साबणाची रेघ ओढून ती काळी पडेपर्यंत तापवतात आणि मग वाकवतात. त्याने चीर पडत नाही हे खरं, पण पट्टी मऊच राहते आणि वजनाने हुक उघडत जातो. त्यापेक्षा लोखंडी २५ × ३ पट्टी वाकवून पावडर कोटिंग करून घ्या. वजन तिप्पट, म्हणजे हुकामागे २४ च्या जागी ७० ग्रॅम. पण निर्धास्त झोप लागते.

पायात दोन भोकं: पहिलं खालच्या टोकापासून १० मिमीवर, दुसरं तिथून २५ मिमी वर. एम ५ (५ मिमी) बोल्ट, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला). बोल्टचं गुळगुळीत डोकं पिशवीच्या आत, नट बाहेर. आत मोठा वॉशर. डोक्याखाली एक आणि कापड व पट्टीच्या मध्ये एक, अशा रबराच्या चकत्या. याच बोल्टच्या भोकांतून पाणी शिरतं, शिवणीला उगाच दोष देतात. दोन हुकांत १८–२० सेंमी अंतर ठेवा आणि कॅरिअरचे आडवे सांधे कुठे येतात ते आधी बघा, हुक सांध्यावर आला की बसत नाही. फळीत सेंमी-सेंमीवर जादा भोकं पाडू नका, कॅरिअर ठरलेला असेल तर एकदाच नीट मोजा.

काळी_माती
हुक निसटण्याचं सांगितलं नाहीत. नुसता वाकवलेला हुक गतिरोधकावर नळीवरून उडतो.

आटेपिटे
तेच लिहीत होतो. दोन बंदोबस्त हवेत. पहिला: हुकाच्या जिभेला चीर पाडून २० मिमीचा वेल्क्रो पट्टा, जो नळीच्या खालून येऊन हुकाचं तोंड बंद करतो. दुसरा: खालची ओढ. फळीच्या खालच्या तिसऱ्या भागात ६ मिमी लवचिक दोरी, टोकाला एस हुक, तो कॅरिअरच्या पायाजवळ आसापाशी अडकवायचा. ओढ खाली आणि थोडी पुढे हवी. दोरी सैल असताना लागणाऱ्या अंतराच्या दोन तृतीयांश ठेवा. लवचिक दोरी उन्हाने मरते, दर मोसमात बदला.

आणि खालच्या ओढीशिवाय पिशवी लावून निघू नका. वळणावर ती बाहेर झुलते आणि परत येताना आऱ्यांवर आपटते. कॅरिअरला बाजूचा उभा पाय नसेल, म्हणजे नुसता सीटच्या दांड्याला धरलेला असेल, तर त्याला पॅनियर लावूच नका.

नवा_भिडू
माझी जुनी काळी चोवीस इंची आहे, कॅरिअर डुगडुगतो. वेल्डिंगवाल्याकडून नवा करून घेतला तर?

आटेपिटे
करून घ्या. ८ मिमी गज पुरतो. बांधकामवाल्यांचं सूत्र: व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किलो. ८ मिमी ०.३९५, १० मिमी ०.६१७. कॅरिअरला साडेतीन मीटर गज लागतो, म्हणजे ८ मिमीचा १.४ किलो आणि १० मिमीचा २.२. आठशे ग्रॅम उगाच कशाला वाहायचे? पाय मात्र आसाच्या नटाखाली येणाऱ्या चपट्या पट्टीला वेल्ड करा, गज ठोकून चपटा केलेल्या जागी तो तुटतो. त्या गजाप्रमाणे हुकाची कमानही १० मिमीची करा.

काळी_माती
दौऱ्याच्या बाजूने चार गोष्टी.

पिशवीला चेन (झिप) लावू नका, तोंड गुंडाळायचंच ठेवा. आपली काळी माती ओली असताना लापशी, वाळली की सिमेंट. चेनच्या दातांत शिरली की धावणारा तुटतो. बकलही मोठं घ्या, २५ मिमी. बारीक बकलच्या खाचेत चिखल बसला की ते उघडत नाही. पट्टा कापल्यावर टोक मेणबत्तीवर वितळवा.

दोन्ही पिशव्या ताणकाट्यावर तोला. अर्ध्या किलोचा फरक चालतो, दोन किलोचा हँडल सोडताना कळतो. जड वस्तू तळाशी आणि फळीला चिकटून. पाण्याच्या बाटल्या पॅनियरमध्ये कोंबू नका, त्या फ्रेमवर.

सगळं वजन मागेच असेल तर मागच्या चाकाचे आरे आधी ताणून घ्या. दात असलेल्या बाजूचे आरे आधी तुटतात, त्याच बाजूचे दोन जादा आरे फ्रेमला बांधून ठेवा. तुळजापूरच्या घाटासारखा चढ आला की पुढचं चाक हलकं होतं. तंबू असेल तर तो तरी हँडलला बांधा.

रंग फिका. काळ्या पिशवीत दुपारी चिक्की पातळ होते आणि पॉवर बँकेचं आयुष्य घटतं.

सुईदोरा
शिवणी बंद करण्याबद्दल राहिलं. पीव्हीसीवर पाइपचा सोल्युशन लावू नका, वाळल्यावर कडक होऊन घडीवर सुटतो. सुतारांचा पिवळट एसआर डिंक पहिल्या दिवशी घट्ट धरतो. पण पीव्हीसीतलं मऊ ठेवणारं तेल हळूहळू डिंकात उतरतं आणि महिन्या-दोन महिन्यांत तो चिकट लगदा होतो. पीव्हीसीसाठीचा पीयू (पॉलियुरेथेन) डिंक मागा. आतून २५ मिमी रुंद ताडपत्रीची पट्टी, दोन्ही अंगं थिनरने पुसून, दोन्हीकडे पातळ थर, दहा मिनिटं सुकू देऊन मग रोलरने दाबा. फ्लेक्स जोडणाऱ्यांकडे गरम हवेचं मशीन असेल तर पट्टी त्यांच्याकडून वितळवून घेतलेली सर्वात चांगली. आधी तुकड्यावर करून बघायला सांगा.

तपासणी: पिशवीत ४ लिटर पाणी ओतून तासभर टांगा. थेंब दिसला तिथे पेनाने गोल करा आणि वाळल्यावर आतून पट्टी लावा. बाहेरून लावलेली पट्टी पाण्याच्या दाबाने सुटते. मग ९–१० किलो वाळू भरून कॅरिअरला लावा आणि फुटपाथवरून सायकल खाली उतरवा, पाच-सहा वेळा. हुकाची जीभ किती उघडली ते आधी-नंतर मोजा. मिलिमीटरही उघडली असेल तर तो हुक बाद.

उन्हाळपाळी
सगळ्यांचे आभार. यादी अशी केली आहे: ताडपत्री दीड मीटर, एचडीपीई ३ मिमी दोन फळ्या, लोखंडी पट्टी २५ × ३ चार तुकडे १२ सेंमीचे, एम ५ × १६ बोल्ट आठ आणि तेवढेच नायलॉक, मोठे वॉशर, २५ मिमी पट्टा ६ मीटर, बकल सहा, ६ मिमी लवचिक दोरी २ मीटर, टेक्स ७० दोरा. काही राहिलं का?

आटेपिटे
१६ चा बोल्ट पुरणार नाही. हिशोब करा: आतला वॉशर १.२, रबर १.५, फळी ३, ताडपत्री ०.६, पुन्हा रबर १.५, पट्टी ३, बाहेरचा वॉशर १, नायलॉक ५. सतराच्या घरात गेलं, आणि नायलॉनच्या बाहेर एक-दोन आटे दिसले पाहिजेत, नाहीतर तो धरत नाही. २० चे घ्या आणि आठऐवजी दहा. नायलॉक एकदा काढला की पुन्हा तोच वापरायचा नाही, म्हणून नट बारा.

सुईदोरा
आणि ताडपत्रीचे १० × १० चे दोन तुकडे, कोपरे गोल कापलेले, डिंकाच्या छोट्या ट्यूबसोबत डाव्या पिशवीत. उजवी पिशवी साखळीच्या बाजूची, तिला ग्रीस लागतं, आणि ग्रीस लागलेल्या ताडपत्रीला डिंक धरत नाही.